बेटावरची अर्धी ओळ

६ जानेवारी
पोचलो एकदाचा! यवतमाळहून एसटीने महागाव, पुढे ऑटोने धरणाकाठचा तांडा. नावाडी नेमसिंगच्याच घरी मुक्काम. पाण्यात मधोमध बेट, त्यावर पळस नि बाभळी. चाळीस वर्षं मुलांना चक्रवाकाच्या कविता शिकवल्या. चक्रवाक मात्र पाहिला नाही. नात मैत्रेयीने आपली दुर्बीण दिलीय. रविवारी ती न्यायला येईल. नेमसिंग रोज सकाळी बेटावर सोडणार, चारला मी हाक मारली की परत नेणार. म्हणाला, तिथं जास्त बोलू नका गुरुजी, बेट ऐकून राह्यते. पाखरं बुजतील म्हणत असेल.

७ जानेवारी
दिवसभरात चार बगळे, एक पाणकावळा. एवढ्यासाठी कंबर मोडून घेतली? वैतागून कविता म्हणत बसलो, वर्गातल्यासारखी. अर्धी ओळ माझी, उरलेली मुलांची. सवयीने अर्ध्यावर थांबलोच. नुसतं पाणी. शाळेची कौलं आठवली, ओल्या पाटीचा वास आठवला.

८ जानेवारी
आजही नाही. भाकर वाढताना नेमसिंगची बायको सुखीबाई म्हणाली, कायले उन्हात बसता गुरुजी, तुमच्यासंगं चक्रवाकही रिटायर झाले असतील. हसलो, पण लागलं मनाला.
एक लिहायचं राहिलं. दुपारी अर्ध्या ओळीवर थांबलो, तर उरलेली बाभळींतून आली. लहान मुलाच्या आवाजात. सगळं बेट धुंडाळलं. कुणी नाही.

९ जानेवारी
आज अर्धी ओळ बेटानेच म्हटली. मी सवयीने पुरी केली. मग कळलं, आवाज म्हाताऱ्याचा होता. माझा. शेवटचा खोकलासुद्धा.
चारला हाक मारली. नाव साडेपाचला आली. नेमसिंगच चिडलेला. म्हणे, तुम्हीच तं बोंबलून सांगतलं, आत्ता नको, जाय परत. मले दुसरं काम नाही का? मी तसं म्हटलंच नव्हतं.
त्याला बजावलं, उद्या हाकेकडे लक्षच देऊ नको, कितीही ओरडलो तरी. पांढरा दुपट्टा हलवीन, तो पाहून ये.
जाऊ नये खरं. पण उद्याचा शेवटचा दिवस. चक्रवाक न बघता मैत्रेयीला काय तोंड दाखवू?

१० जानेवारी
एक पाखरू नाही. सकाळपासून तोंड उघडलं नाही मी.
चार. नाव दिसली. दुपट्टा हलवतोय—
पलीकडच्या टोकाला कुणीतरी — पांढरा दुपट्टा. माझी टोपी. माझंच पोक.
नाव तिकडे वळली.
ओरडतोय. नेमसिंग मान वळवत नाही. मीच सांगितलं होतं—
हात देऊन चढवलं त्याला.
घसा बसला. नाव लहान होत चाललीय. उद्या मैत्रेयी येईल, त्याचा हात धरून त्याला घरी—