‘फुटकी बादली’ची शेवटची रेकॉर्ड

तीर्थरूप बाबांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या तो मनातल्या मनात घालतो, पण पूर्ण घालतो). तुमचा खोकला आता थांबला असेल आणि आईंच्या नव्या चष्म्याची काडी कानामागे टोचत नसेल अशी आशा आहे. टोचत असली तरी त्यांनी ती स्वतः वाकवू नये. गेल्या वेळी त्यांनी वाकवली तेव्हा दुकानात माझ्या गिऱ्हाइकांनी तो चष्मा हातात घेऊन, हा कुठल्या अपघातातला, असं विचारलं होतं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची लेक माझ्यापेक्षा जास्त ठीक आहे, आणि पत्र लिहायला बसलो आहे ते त्याच कारणाने.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, “ती अजून ते पत्रे बडवल्यासारखं ऐकते का हो?” त्यावर मी हवामानाबद्दल बोललो. ते मनाला लागून राहिलं आहे. तेव्हा आता लेखी सांगतो, की ऐकते. रोज ऐकते. घरात आजमितीला अकराशे चाळीस रेकॉर्ड आहेत आणि त्यांतली एकही पाहुण्यांसमोर लावण्यासारखी नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक बॅग आणि चार लाकडी खोकी होती. खोकी उचलताना मला वाटलं, वैद्यकाची पुस्तकं असणार, आणि मी मनातून सुखावलो (चष्मेवाल्याच्या घरात अभ्यासू बायको!). पहिलं खोकं उघडलं तर वरच्याच कव्हरवरून एक कवटी मला जीभ काढून दाखवत होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कवटीची आणि माझी चांगली ओळख झाली आहे.

तुम्ही हेडमास्तर होतात, शिस्त तुम्हाला आवडते, म्हणून तिची शिस्त सांगतो. तिच्या रेकॉर्ड नावाने लावलेल्या नाहीत आणि सालानेही नाहीत. त्या रागाने लावल्या आहेत. सगळ्यात वरच्या फळीवर किरकोळ चिडचिड, मग खाली येता येता राग चढत जातो, आणि जमिनीलगत जग जाळून टाकायला निघालेली मंडळी. एकदा ती हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर असताना मी धूळ पुसायला घेतली आणि एक रेकॉर्ड चुकून खालच्या फळीत गेली. आल्या आल्या तिने चप्पलही न काढता ओळखलं. म्हणाली, “हा माणूस एवढा चिडलेला नाहीये. ह्याला वर ठेव.” मी कव्हरवर पाहिलं. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

ह्या संगीताचे पंक आणि हेवी मेटल असे दोन मोठे पंथ आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे पंकवाल्यांना वाजवता येत नाही पण सांगायचं फार असतं, आणि मेटलवाल्यांना वाजवता फार येतं पण सांगायचं एवढंच असतं की सगळे मरणार आहेत (तुमच्या लेकीच्या मते ही व्याख्या दोन्ही बाजूंनी चूक आहे. तिची स्वतःची व्याख्या विचारली तर ती रेकॉर्डच लावते). पण बाबा, तिला ऐकताना एकदा बघा. आधी हात धुणार. रेकॉर्ड दोन तळव्यांमध्ये कडेने धरणार, एक बोट मध्ये लागू देणार नाही. मऊ ब्रशने धूळ काढणार, सुई ठेवणार, आणि खुर्चीत पाठ ताठ ठेवून डोळे मिटून बसणार. समोर चार माणसं जिवाच्या आकांताने ओरडत असतात आणि हिच्या चेहऱ्यावर इतकी शांती असते की मी वर्तमानपत्राचं पानही हळू उलटतो. दिवसभर भूलतज्ज्ञ म्हणून माणसांना झोपवायचं आणि घरी येऊन मेलेला उठून बसेल असं वाजवायचं, ह्याला काय म्हणावं ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आता कळतं असं वाटतं. ते कसं कळलं, तेच सांगायचं आहे.

तिला आयुष्यात एकच रेकॉर्ड मिळाली नव्हती. ‘फुटकी बादली’ नावाचा चार जणांचा एक बँड होता. त्यांनी एकच छोटी रेकॉर्ड काढली, एका बाजूला एकच गाणं, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचं. तीनशे प्रती काढल्या, कव्हरं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या कागदाची, हाताने कापलेली. त्यांतल्या अडीचशे तळघरात पाणी शिरून गेल्या, उरलेल्या पन्नास कुठे पांगल्या ते कुणालाच ठाऊक नाही. सतरा वर्षांची असताना तिने ती एका मैत्रिणीकडे एका दुपारी ओळीने अकरा वेळा ऐकली (तुम्हाला ती अभ्यासाला गेली आहे असं वाटलं होतं. त्याबद्दल आता रागवू नये, पास झाली ती). मैत्रिणीची प्रत पुढे घर बदलताना हरवली, आणि त्यानंतर बत्तीस वर्षं शोध. जुन्या सामानाचे बाजार, बंद पडलेली दुकानं, संग्राहकांना पत्रं. सगळीकडून उत्तर एकच, ऐकून आहे, पाहिलेली नाही.

आणि मग चैत्रातल्या एका सकाळी एक प्लंबर माझ्या दुकानात आला. पंचावन्न-साठीचा, हाताचे पंजे पान्यासारखे, बाहीवर गंजाचे डाग. तक्त्यावरची मोठी अक्षरं त्याने वाचली, लहान काही वाचेना. मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय वाचायचं असतं, पेपर की औषधाच्या बाटल्या? तो म्हणाला, “रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत भागावर खिळ्याने कोरलेलं असतं ना, ते वाचायचंय. आम्हीच कोरलं होतं. काय कोरलं ते आता आठवत नाही.” मी सहज विचारलं, कोणती रेकॉर्ड? तो लाजला. म्हणाला, “तुम्हाला नाही माहीत असणार. ‘फुटकी बादली’ म्हणून आमचा बँड होता. मी ड्रम वाजवायचो.” माझ्या हातातली दोन भिंगं खाली पडली. एक कपाटाखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही.

आठवड्याने चष्मा तयार झाला. एरवी गिऱ्हाईक दुकानात येऊन नेतं, पण मी त्याला कळवलं की हा चष्मा घरी येऊन बसवावा लागतो. आणि बायकोला घेऊन गेलो. त्याच्या कामाच्या खोलीत नळ, पाइप, रबराची वायसरं, आणि भिंतीवर एका खुंटीला कापडी पिशवीत ती रेकॉर्ड. बाबा, तुमची लेक ऑपरेशन टेबलावर माणसाची नाडी बुडत असताना डगमगत नाही असं सगळं हॉस्पिटल सांगतं. त्या पिशवीसमोर ती हात धुवायला कुठे जाऊ असं माझ्या कानात विचारत होती.

प्लंबरने चष्मा चढवला, रेकॉर्ड खिडकीशी नेली आणि वाचलं, “‘खालच्या मजल्यावरच्यांची माफी मागतो.’” मग तो जो हसत सुटला तो पोट धरून खालीच बसला. आम्हीही हसत होतो. आधी थांबली ती तुमची लेक. तिने पाहिलं की त्याने उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला आहे आणि कपाळावर घाम आला आहे. तिने दोन प्रश्न विचारले, त्याने टाळले. मग ती म्हणाली, “तुम्ही पित्ताशयातल्या खड्यांचे पेशंट ना? दोनदा माझ्या यादीत होतात. दोन्ही वेळा हॉस्पिटलचे कपडे घालून पळून गेलात.” तो म्हणाला, कपडे त्याने परत पाठवले आहेत.

हळूहळू बोलला. त्याला कापण्याची भीती नव्हती. बोट तुटायला आलं तेव्हा स्वतः फडकं बांधून त्याने नळ पुरा केला होता. भीती होती झोपवण्याची. “एरवी माणूस आपला आपण झोपतो. तिथे दुसरं कोणी तरी माझा ठेका थांबवणार, आणि परत नाही चालू झाला तर? आणि ते मशीन एक टिकटिक करत असतं, तेही लयीत नाही.” ही म्हणाली की ती टिकटिक म्हणजे तुमच्याच हृदयाचे ठोके. त्यावर तो आणखीच पांढरा पडला (ड्रमर माणूस, स्वतःचाच ठेका चुकतोय म्हटल्यावर काय होणार). सर्जनने आता थांबता येणार नाही असं बजावलं होतं. मला वाटलं, ही आता औषधांची नावं सांगून समजावेल. तिने काहीच समजावलं नाही. एवढंच म्हणाली, “तुमच्या गाण्यावर झोपवलं तर याल?”

पुढचं मला हॉस्पिटलच्या मुख्य नर्सबाईंनी सांगितलं. त्या चष्मा माझ्याकडेच करतात, त्यामुळे तिकडचं काही माझ्यापासून लपत नाही. मोठे सर्जन आधी भडकले. ही म्हणाली, ऑपरेशनच्या खोलीत नाही, भूल द्यायच्या बाहेरच्या खोलीत, आणि एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांच्या वर एक सेकंद नाही. सर्जन म्हणाले, ठीक, पण आवाज बारीक. ही म्हणाली, बारीक आवाजात हे गाणं वाजतच नाही. घरचा रेकॉर्ड प्लेअर तिने स्वतः पुसून ट्रॉलीवर नेला. प्लंबर आला. ह्या वेळी स्वतःच्या पायांनी आला, रेकॉर्ड छातीशी धरून.

सुई टेकली आणि नर्सबाई म्हणतात की भिंतीवरचं घड्याळ हललं. दोन खोल्या पलीकडून लोक धावत आले. प्लंबर ट्रॉलीवर आडवा, डोळे छताकडे, आणि त्याची बोटं ट्रॉलीच्या कडेवर स्वतःचेच बत्तीस वर्षांपूर्वीचे ठोके वाजवत होती. हिचा एक हात सुईवर, म्हणजे इंजेक्शनच्या, आणि नजर त्याच्या बोटांवर. बोटं मंदावली. एक ठोका पडला, दुसरा अर्धवट राहिला, आणि त्याच क्षणी तिने रेकॉर्डवरची सुई अलगद उचलली. गाणं तिथेच थांबवलं. सर्जन दारातच उभे होते. नर्सबाई शपथेवर सांगतात की त्यांचा पाय हलत होता.

ऑपरेशन नीट झालं. खडे निघाले (सात). शुद्धीवर येण्याच्या खोलीत तुमची लेक रेकॉर्ड प्लेअर घेऊन त्याच्या उशाशी बसली. आधी त्याचं एक बोट हललं, मग डोळे उघडले. छताकडे बघत त्याने विचारलं, “पुढे?” आणि तिने सुई टेकवली, जिथून उचलली होती तिथेच. रेकॉर्डवर ती जागा केसाएवढी असते हो. मी घरी पन्नास वेळा करून पाहिलं, जमत नाही. अर्धवट राहिलेला ठोका पडला आणि गाणं शेवटापर्यंत गेलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “शेवटी मी एक ठोका चुकलोय. इतकी वर्षं कुणाला तरी सांगायचं होतं.”

“माहीत आहे,” ही म्हणाली. “सतराव्या वर्षीच कळलं होतं. तोच सगळ्यात आवडतो.”

नर्सबाईंनी हे सांगताना चष्मा काढून पुसला. मीही पुसला. दुकान असल्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

दहा दिवसांनी प्लंबर घरी आला, ती रेकॉर्ड कापडी पिशवीसकट तिच्यापुढे धरली, आणि तिने घेतली नाही. बाबा, बत्तीस वर्षं! मी तर खालच्या फळीत जागाही केली होती. ती म्हणाली, पेशंटकडून घेत नाही, आणि शेवटची प्रत वाजवणाऱ्याकडेच राहायला हवी, मी ऐकायला येत जाईन. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी आम्ही त्याच्या खोलीत पाइपांवर बसून एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद ऐकतो, मग चहा पितो आणि पुन्हा ऐकतो. इतका आरडाओरडा मनात साठवलेली बाई दुसऱ्याची भीती इतक्या शांतपणे हातात धरू शकते, हे मला एकोणीस वर्षं शेजारी बसून कळलं नव्हतं. तुमच्या घरात ती अशी घडली, म्हणून तुम्हाला हे कळवावंसं वाटलं. बाकी काही हेतू नाही.

आईंना नमस्कार.

तुमचा,
जावई

ता. क. एक हेतू आहे. गेल्या महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीचं दार लागेनासं झालं. माझं एक गिऱ्हाईक इमारती बांधणारा इंजिनियर आहे, त्याने येऊन गोटी जमिनीवर ठेवली, ती आपोआप रेकॉर्डच्या फळ्यांकडे घरंगळत गेली. तो म्हणाला, दुसऱ्या मजल्याला एवढं वजन पेलणार नाही, पंधरा दिवसांत हलवा, आणि ठेवायचंच तर भक्कम फरशीच्या तळमजल्यावर. तुमची पुढची खोली तळमजल्यावर आहे आणि फरशी भक्कम आहे. मी मागच्या खेपेला पाय आपटून पाहिली होती.

ता. क. दुसरा. रेकॉर्ड जिथे जातील तिथे ती जाणार, आणि ती जाईल तिथे मी. तुम्हाला एकटं वाटतं असं आई म्हणत होत्या.

ता. क. तिसरा. तुम्हाला फोनवर विचारायचं धाडस तीनदा केलं आणि तिन्ही वेळा हवामानावर आलो. तिला मात्र सांगून टाकलं आहे की बाबांना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. हे ऐकून ती हात धुऊन आली आणि रेकॉर्ड खोक्यांत भरायला बसली. बाबा, तेवढं एक खरं करावं.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. ज्याने ते तुमच्या हातात दिलं तो टेम्पोचा ड्रायव्हर आहे आणि वाचून होईपर्यंत तो बिचारा उन्हात उभा आहे. दाराची दुसरी फळीही उघडावी लागेल, रॅक रुंद आहेत.