पंख्याखालची खाट

मी, शामला चंपतराव गजभिये, वय चौसष्ट, निवृत्त वॉर्ड सिस्टर, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आज सकाळी मीच मोजला, काळजीचे कारण नाही. कोणाचा दबाव नाही. असता तर हे पंधरा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते. याआधीचे तीन कागद मी फाडले. चौथा कुठे सापडला तर तोही रद्द समजावा.

१. माझे यजमान वारले, मूलबाळ नाही. पोस्टातली शिल्लक, भांडी आणि शिलाई मशीन पुतण्या रुपराव याला. रुपराव, तू येतोस तेव्हा चहाआधी छत गळते का ते पाहतोस. गळत नाही. पण घर तुला नाही, कारण चौथ्या कलमात आहे.

२. रक्तदाबाचे यंत्र, कात्री आणि एप्रनला लावायचे सेकंदकाट्याचे घड्याळ रुपरावची मुलगी उत्तरा हिला. ती नर्सिंग शिकते आहे. अट एकच. सुई टोचण्याआधी पेशंटला ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारायचे नाही. आजारी माणूस सिस्टरला कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं नाव सांगा’ म्हणायचे आणि ते तक्त्याशी ताडून पाहायचे. प्रत्येकाला, रोज, ओळख झाल्यावरसुद्धा. लोक हसतील, हसू द्यावे.

३. नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत मी पेशंटच्या मनगटाला नाव लिहिलेली कापडी पट्टी बांधत असे. मेट्रनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘सिस्टर, तुमची रोजच राखीपौर्णिमा का?’ त्यांना मी माफ केलेले नाही. त्यांनी माझ्या मातीला येऊ नये. वकील ओमप्रकाश तिवारी हे कलम खोडा म्हणतात. खोडणार नाही.

इथवर लिहून तीनदा उठले. पाणी प्यायले, दाराची कडी पाहिली, पुन्हा बसले. पुढचे लिहिले नाही तर मागच्याला काही अर्थ नाही.

४. आमच्या धर्मादाय दवाखान्यात पेशंटला नावाने कोणी हाक मारत नसे. खाटेचा नंबर हेच नाव. १९६८चा मे महिना होता. बायकांच्या वॉर्डात दोन पंखे, त्यातला एक बंद. चालू पंख्याखाली सात नंबर. तिथे रुख्मिणी नावाची बाई होती, तिला हुडहुडी भरून ताप, पंखा नकोसा झालेला. बारा नंबरवर पश्चिमेचे ऊन यायचे. तिथे उमरेडच्या विणकर घरातल्या पार्वतीबाई. दोघींनी आपसात खाटा बदलल्या. उन्हाळ्यात हे नेहमीचेच, आम्ही कानाडोळा करत असू. पायथ्याला टांगलेले तक्ते मात्र जागच्या जागी राहिले. बाराच्या तक्त्यावर लाल शाईने लिहिले होते, पेनिसिलिन चालत नाही.

वॉर्डातली आया इंदूबाई माझ्या टेबलापाशी आली. ‘सिस्टरबाई, सात अन् बारानं खाटा बदलवल्या. तक्ते तुम्ही बदलवून द्या, मले वाचता येत नाही.’ मी तापाचे आकडे भरत होते. ‘हो, हो’ म्हणाले, मान वर केली नाही. दुपारी दोनला पेनिसिलिनचा ट्रे घेऊन सात नंबरपाशी गेले. पार्वतीबाईंनी मुकाट्याने कूस बदलली. दहा मिनिटांत त्या गेल्या. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. मी तो पाहिलाच नव्हता, आणि हे मला अजून सहन होत नाही.

चौकशीत साहेबांनी विचारले, खाटा बदलल्याचे तुम्हाला कोणी सांगितले होते का? मी ‘नाही’ म्हणाले. ही माझी चूक होती. इंदूबाई परोपरीने सांगत राहिली, तिचे कोणी ऐकले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. तिची नोकरी गेली. माझी राहिली, पुढे बढतीही मिळाली.

म्हणून माझे राहते घर इंदूबाईला द्यावे. या कलमाची एक नक्कल दवाखान्याला आणि एक पार्वतीबाईंच्या घरच्यांना उमरेडला पाठवावी. दवाखान्याने नावाच्या पट्ट्या सुरू कराव्यात, अशी माझी हात जोडून विनंती आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नये. अजून त्या वॉर्डात नंबरानेच हाका मारतात, मी मागच्या आठवड्यात जाऊन ऐकून आले.

५. एवढे लिहून राहवेना. काल एसटीने खापरखेड्याला गेले. इंदूबाई तिथे कॉलनीत मुलीकडे राहते, चार घरची भांडी घासते. तिला बोलावून आणले. आज ती इथे बसली आहे. वकिलांनी सगळा कागद मोठ्याने वाचला आणि म्हणाले, माझ्याशिवाय आणखी एक साक्षीदार लागेल, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, मी दुसरा माणूस पाहतो.

इंदूबाई म्हणाली, ‘मंग घर राहू द्या. साक्ष मीच देतो. तवा माह्या बाजूनं कोणीच नव्हतं.’

मी पुष्कळ समजावले. वकिलांनीही समजावले. ती ऐकेना. म्हणून घर आता उत्तराच्या नावे. रुपराव, खूश होऊ नकोस, उत्तराच्या नावे म्हणजे तुझ्या नाही.

६. अंगठा देण्याआधी इंदूबाईने चौथे कलम पुन्हा वाचायला लावले आणि मध्येच थांबवले.

‘सुई देली ते चूक होती, सिस्टरबाई. साहेबासमोर बोलल्या, ते चूक नव्हती.’

मला तिच्याकडे पाहवेना.

‘लिवा नं,’ ती म्हणाली.

दुरुस्ती : कलम ४ मधील ‘ही माझी चूक होती’ हे शब्द रद्द. तिथे ‘मी खोटे बोलले’ असे वाचावे.

ठिकाण : प्रताप नगर, नागपूर
दिनांक : १४ जून १९८३

लिहून देणार : शामला चंपतराव गजभिये (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, म्हणून साक्षीदार :
१. ओमप्रकाश तिवारी, वकील (सही)
२. इंदूबाई देवराव नन्नावरे, राहणार खापरखेडा. दुरुस्ती लिहून, वाचून दाखवल्यानंतर अंगठा दिला.