मानेवरचा मळ

बाबा, माझ्यासाठी सगळं बदललं ते तू डॉक्टरीणबाईंपुढे हात वर करून "मैंने" म्हणालास, त्या क्षणी. मी नऊ वर्षांचा, स्टुलावर बसलेला, शर्ट काढलेला, पोट मांडीवर आलेलं, आणि मानेवर सोललेली लाल जागा. त्यांनी विचारलं, "किसने घिसा इतना?" आईवर ढकलायची सोय होती, माझ्यावर तर होतीच होती. तू मात्र वर्गातल्या मुलासारखा हात वर केलास. घरात ज्याच्या आवाजाला भिंतीसुद्धा दचकायच्या, तो माझा बाप असा हात वर करून उभा आहे, हे चित्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आदल्या शनिवारी शाळेतल्या मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं होतं, बच्चे की गर्दन साफ रखें. ते वाचून तुझं डोकं फिरलं. (माझं डोकं कुणावर गेलंय असं लोक विचारतात, तेव्हा मी नुसता हसतो.) आई महिनाभर डाळीचं पीठ, दही, लिंबू लावून थकली होती, पण मानेच्या घडीतला तो काळा पट्टा हलत नव्हता. "आपल्या पोराला लोकांनी घाणेरडं म्हणायचं?" म्हणत तू मला न्हाणीघरात नेलंस आणि आईची टाचा घासायची वजरी उचललीस. मी रडतोय, तू घासतोयस आणि वर म्हणतोयस, "रोज नीट अंघोळ केली असतीस तर ही वेळ आली असती का?" करायचो रे बाबा. दोनदा करायचो. आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसायचो, म्हणजे माझ्या मानेमागे कुणी बसायला नको.

दोन दिवसांनी जखम चिघळली म्हणून तू मला दवाखान्यात नेलंस आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ये मैल नहीं है भाईसाहब. वज़न ज़्यादा बढ़े तो कई बच्चों की गर्दन ऐसी काली पड़ती है. शक्कर सँभालना शरीर को भारी पड़ रहा है, वही बता रहा है. साबुन से नहीं जाएगा." त्या पुढे रक्त तपासायचं, साखरेचं, असलं बरंच सांगत होत्या. मी ऐकलं ते एवढंच, की हा मळ नाही. मी घाणेरडा नव्हतो! आजार सापडल्यावर स्टुलावर पाय हलवत हसणारा पोरगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार.

मग त्यांनी मी काय खातो ते विचारलं, आणि तू उत्साहानं यादी सुरू केलीस. रविवारी कोल्ड्रिंकची मोठी बाटली, रोज संध्याकाळी चिप्स, टीव्हीसमोर जेवण, आणि शाळा दोन गल्ल्यांवर असली तरी स्कूटरवर सोडणं. सांगता सांगता तुझा आवाज बारीक होत गेला. तुझं लहानपण साताऱ्याकडच्या गावात सहा भावंडांत एका तांब्या दुधावर गेलं. भोपाळला कारखान्यात नोकरी लागली, अवधपुरीत स्वतःचं घर झालं, आणि गुबगुबीत मुलगा म्हणजे तुझ्या लेखी त्या सगळ्याचं सर्टिफिकेट होतं. बाई रागावल्या नाहीत. "बच्चे को भूखा नहीं रखना है, उसे तो अभी बढ़ना है. क़द बढ़ेगा, वज़न वहीं रुक जाए तो भी बहुत है. इसको अलग थाली मत दीजिए. पूरे घर की थाली बदलिए."

बाहेर येऊन तू स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसलास, पण किक मारली नाहीस. "दुखतंय?" "थोडं." "चुकलं रे माझं." एवढंच. मग एकदम म्हणालास, "तू एकटा नाही बिघडलेला, मीपण बिघडलोय. हे बघ," आणि शर्ट वर करून भर रस्त्यात स्वतःचं पोट दाखवलंस. मला इतकं हसू आलं की मान दुखायला लागली.

आणि मग ते रविवार. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार कुठले म्हणशील तर तेच. पोहे-जलेबी तू बंद केली नाहीस, स्कूटर बंद केलीस. आधी घरी अर्धा किलो जिलबी यायची आणि टीव्हीसमोर कधी संपली ते कळायचंही नाही. मग आपण दोघं चालत जायचो, दुकानापुढे उभ्या उभ्या पोहे आणि एकेक जिलबी खायचो, ती पण इतकी सावकाश की दुकानदार विचारायचा, "भाईसाहब, कुछ कमी है क्या?" आणि परत चालत. पहिला महिनाभर मी रडकुंडीला यायचो, खोटा लंगडायचो. तुला ते कळायचं, तूही माझ्या शेजारी तसाच लंगडत चालायचास. शेजारच्या गुप्ताजींनी गॅलरीतून विचारलं, "क्या हुआ, स्कूटर ख़राब हो गई क्या?" तू म्हणालास, "स्कूटर ठीक है जी, हम ख़राब हैं. रिपेयर चल रही है." पुढे सगळी गल्ली विचारायची, रिपेयर कितनी हुई?

घरात आईला पटायला वेळ लागला. आधी आपल्याकडे नियम होता, पानात काही टाकायचं नाही, मग पोट फुटो. तू तो फिरवलास. "आधी थोडं वाढून घे, भूक असेल तर माग. भरलं की ऊठ." आई म्हणाली, "वाढत्या अंगाचं पोर आहे, असं मोजून मापून?" तू म्हणालास, "मोजत कुठेय? विचारतोय त्याला." तोवर माझ्या पोटाला कुणी काही विचारलंच नव्हतं. सुरुवातीला मी तिसरी पोळी मागायचो, मिळायची. हळूहळू मीच मागेनासा झालो. कोल्ड्रिंकच्या जागी ताक आलं, टीव्ही जेवताना बंद झाला, आणि तू रोज संध्याकाळी मला खाली पिटाळायला लागलास. तीन महिन्यांनी आई मीठ-मोहऱ्या घेऊन आली, "पोर सुकलं, कुणाची तरी दृष्ट लागली." तू खुर्ची ओढून पुढे बसलास. "आधी माझी काढ, मी जास्त देखणा झालोय."

वर्ष-सव्वा वर्षात मी उंच झालो, पट्टा फिका झाला. मग मी बारा वर्षांचा असताना तू तापाचं निमित्त होऊन गेलास. पुढची दोन वर्षं मी चाललोच नाही, आणि पट्टा परत आला. नंतर एका रविवारी एकटाच चालत त्या दुकानावर गेलो. दुकानदारानं न विचारता एकच जिलबी कागदावर ठेवली. तिथून पुन्हा चालायला लागलो, तो आजतागायत.

आता ज्याच्यासाठी हे सगळं उगाळतोय ते सांगतो. कॉलेज मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. सरांशी भांडलो. भांडण कशावरून झालं ते विसरलो, राग तेवढा लक्षात आहे. हल्ली सायकलच्या दुकानात काम करतो. तिथे एक मुलगी भाच्याची सायकल दुरुस्त करायला घेऊन आली. आनंद नगरला राहते, घरचे मूळ उज्जैनचे. आपल्यासारखंच अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलते, आणि हसली की मला दोन दिवस भूक लागत नाही. वजन कमी करायचा हा उपाय डॉक्टरीणबाईंनी सांगितला नव्हता. ती सायकल मी चार वेळा दुरुस्त केली, बिघडली एकदाच होती.

गेल्या मंगळवारी तिनं मला पहिल्यांदा घरी बोलावलं, आईला भेटवायला. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, आणि समोर अंगणात तिची आई त्याच सायकलवाल्या नातवाला मोरीच्या दगडावर बसवून त्याच्या मानेवर लिंबू घासतेय. पोरगा आठ वर्षांचा, गोल, डोळे मिटलेले. "बघा ना, किती मळ! अंघोळीचा आळस, दुसरं काय. गंदा बच्चा." बाबा, माझा आवाज कुठून आला ते मलाही कळलं नाही. "घासू नका त्याला! मळ नाहीये तो! एवढं कळत नाही तुम्हाला?" पोरगं दचकून रडायला लागलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस का? कॉलेज तरी पूर्ण केलंस?" आणि ती, माझ्याकडे न बघता, "तू जा अभी."

चार दिवस फोन नाही, काही नाही. काल मेसेज आला. "आई विचारतेय, तो म्हणाला ते खरं का? उद्या सहाला ये. ओरडलास तर मी तुला ओळखत नाही." मी दुकानात नाचलो. मालक म्हणाले, "पगला गया है क्या?"

तर मी असं ठरवलंय. आधी माफी मागायची. पोराला सायकल देऊन बाहेर पाठवायचं, त्याच्यासमोर त्याच्या मानेबद्दल एक शब्द नाही. मग म्हणायचं, काकू, माझीही मान घासली होती, माझ्यावर जीव असणाऱ्या माणसानंच. डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येतो. ते नीट सांगतील, मी सांगणार नाही. आणि त्याचं ताट वेगळं करू नका. हे सगळं खालच्या आवाजात. काकू पुन्हा कॉलेजवर घसरल्या तरी खालच्या आवाजात. काकू ऐकतील की नाही, ती मला ओळखेल की नाही, कुणास ठाऊक. पण पोरगं आज आतल्या खोलीत बसून आपण घाणेरडे आहोत असं समजत असणार, आणि ते मला सहन होत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही हे तुला कळलंच असेल. आणि एक कबूल करून टाकतो, ते मुळात तुला लिहिलंच नव्हतं. काकूंशी न ओरडता बोलता येतंय का, याची तालीम चालली होती. तुझ्यापुढे माझा आवाज चढत नाही, म्हणून तुला धरलं. तरी "अंगणात" लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. म्हणजे तालीम अजून कच्चीच आहे, पण साडेपाच वाजलेत.

आई आतून विचारतेय, एवढा नटून कुठे निघालास, आणि जाताना दार आपटू नकोस. नाही आपटणार. हळू लावून निघतो.