समोरची जागा

९ फेब्रुवारी
आज जळकोटला राहायला आले. सोलापूरहून टेम्पो दुपारच्या आत पोचला. सामान थोडंच होतं: कपाट, गॅस, भांडी आणि शिलाई मशीन. संध्याकाळपर्यंत सगळं लागलं.

यजमानांना जाऊन तीन महिने झाले. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान इथं आणि माझी शाळेतली कारकुनी सोलापुरात. त्यामुळं ते आठवड्यातून एकदा घरी यायचे. मी यायचं म्हटलं की म्हणायचे, पाण्याची ओढ आहे, कशाला दगदग करतेस, निवृत्त झालीस की कायमची ये. मी निवृत्त झाले आणि ते गेले. त्यांना बसवलं त्या दिवशी हे घर मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, मांडी घालून, बसवून माती देतात. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. पण यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मला घराकडं तोंड करून बसवा आणि समोरची जागा उमाची. घर दक्षिणेला येतं. स्वामी तयार होईनात. मी चार माणसांत कधी बोलत नाही, पण त्या दिवशी भांडले आणि तसंच बसवून घेतलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिंबाखालची समाधी दिसते. चहा पिताना वाटलं, माझ्याकडंच बघताहेत. फार दिवसांनी बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या गिरिजाबाई आल्या होत्या. सत्तरीच्या पुढं आहेत, पण आवाज खणखणीत. मला उमाक्का म्हणतात. चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, सोलापुरात साखर नुसती दाखवूनच ठेवतात व्हय गं? मी हसले आणि साखरेचा डबाच पुढं केला.

मागच्या दारी गेलो तर समाधी आणि खिडकीच्या मधोमध गुलछडीचे दांडे वर आलेले. जमीन दगडासारखी, पाण्याचा थेंब नाही, आणि कालपर्यंत तिथं काही नव्हतं. कुणी लावली असेल, मी विचारलं. गिरिजाबाई म्हणाल्या, जुने गड्डे असतील, गड्डा मरत न्हाय, दडी मारून बसतो. मग भाकरी टाकायची राहिली म्हणून उठल्या. चहा अर्धा तसाच राहिला.

१६ फेब्रुवारी
गुलछडी फुलली. चारी बाजूंनी सरळ रेघेत, मध्ये मोकळी माती. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा चौकोन. यांनीच माझी जागा आखून ठेवली असणार असं वाटून डोळे भरून आले. काही दांडे तोडून समाधीवर वाहिले. तासाभरात ती फुलं काळी पडली. चौकोनातली मात्र टवटवीत आहेत.

पाठ दुखते आहे. सकाळी जाग आली तेव्हा मी गादीवर बसलेली होते. बसल्या बसल्याच झोप लागली असेल.

१९ फेब्रुवारी
गिरिजाबाईंना स्पष्टच विचारलं, गुलछडी कुणाची. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, प्रेमाबाईची. कोण प्रेमाबाई? त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, उमाक्का, थट्टा करता का म्हातारीची?

प्रेमाबाई या घरात वीस-बावीस वर्षं राहिली. दुकानावर बसायची, यांना डबा करायची. कावीळ होऊन गेली. यांनी तिला स्वतःच्या हातानं मागं बसवलं, उत्तरेला तोंड करून, आणि वर तिचीच गुलछडी लावली. गावाला सगळं ठाऊक.

गिरिजाबाई म्हणाल्या, तुम्ही स्वामींशी भांडून त्यांचं तोंड तिच्याकडं करून घेतलंत, तवा सारं गाव म्हणालं, बाई लई मोठ्या मनाची.

घरी येऊन खिडकी लावून घेतली.

२० फेब्रुवारी
पुण्याला बसवेशला फोन केला. प्रेमाबाईचं विचारलं. तो म्हणाला, आई, मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणजे मुलालाही माहीत होतं. ये म्हणाला इकडं. नाही म्हणाले. मी गेले तर समोरची जागा तिचीच राहील.

कुदळ घेऊन सगळे गड्डे उपटले आणि ओढ्यात टाकून आले. खणताना बेलाची पानं लागली, माती देताना घालतात ती. हिरवीगार, आत्ताच तोडल्यासारखी. त्याखाली खणलं नाही.

२२ फेब्रुवारी
गुलछडी परत आली आहे. तोच चौकोन.

आणि दुसरा एक, लहान दांड्यांचा, मागच्या दाराच्या पायरीला लागून. बाजूला. तिथून समाधी नीट दिसतही नाही.

सकाळी पुन्हा बसलेलीच होते. मांडी घातलेली, डावा तळहात उघडा. नखांत माती.

२३ फेब्रुवारी
गिरिजाबाईंना सोबतीला या म्हणाले. दारातून आत आल्या नाहीत. माझ्या कपाळाकडं बघून म्हणाल्या, एवढं भस्म कुणी लावलं गं तुला? मी अजून अंघोळही केली नव्हती. आरशात पाहिलं. कपाळ, गळा, दंड – सगळीकडं. आमच्यात माती देण्याआधी लावतात तसं –

चहाला गुलछडीचा वास. पाण्यालाही.

२४ फेब्रुवारी
पिशवी भरली होती. बसवेशकडं जायला. एसटी सकाळची. जाग आली ती मागच्या पायरीपाशी – दांड्यांच्या मध्ये. कमरेपर्यंत माती गार – बाहेर आले. कशी ते –

दोघं समोरासमोर. आज फुलं सुद्धा एकमेकांकडं वळलेली. माझ्याकडं एकही नाही.

वीस-बावीस वर्षं. रविवारी यायचे तेव्हा पिशवीत गुलछडी असायची. मी केसांत माळायची.

२५ फेब्रुवारी
एसटी गेली असेल. हॉर्न ऐकला.

अंघोळ केली. धुतलेलं लुगडं नेसले. रोजची पूजा चुकवायची नाही. आत गादीवर बसवत नाही, म्हणून मागं पायरीपाशीच आले. वही मांडीवर आहे. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. एक फूल तोडलं, वाहिलं. माती मऊ आहे, बसायला बरी वाटते.

फक्त तोंड कुणीकडं करायचं ते मला कुणी सांगून –