जाळीमागची काकू

सोमवार, ४ फेब्रुवारी

फुकटच्या फोटोचा खरा खर्च: लेकीचा अख्खा रविवार, माझ्या स्टुडिओतला सर्वांत जाड कागद, काळ्या शाईची अर्धी बाटली, उतू गेलेलं दूध आणि त्यावरून हिचं-माझं तासभर भांडण. फोटो मात्र फुकट! इंटरनेटवरचा!

लेक तिसरीला शिकवते. तीन वर्षं तात्पुरती. शुक्रवारी तपासणीच्या मॅडम तिचा तास बघणार — पसंत पडला तर कायम, नाहीतर घरी. आणि ही दाखवणार काय? एक फोटो! पोरांनी तो बघून गोष्ट रचायची.

म्हटलं, माझ्या कपाटात चाळीस वर्षांचे फोटो पडलेत, घे की. तर म्हणते, "बाबा, तुमच्या फोटोतली माणसं श्वास रोखून बसलेली असतात. त्यांची कसली गोष्ट!"

आणि इंटरनेटवरची? सुताराच्या अंगावर भुशाचा कण नाही. आजीबाईंचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. डॉक्टर असा हसतोय की पेशंटला घाम फुटावा. त्यातल्या त्यात बरी निघाली ती एक — बसच्या काचेवर पंजा टेकून बाहेर बघणारी बाई. पण पैसे न भरता उचललेली! म्हणून फोटोभर विकणाऱ्या कंपनीच्या करड्या आडव्यातिडव्या रेघा. मोठा छापल्यावर लेकीला दिसल्या. "स्क्रीनवर फिकट होत्या हो!"

मंगळवार, ५ फेब्रुवारी

शाळेत रंगीत तालीम. फोटो टांगायला मीच गेलो, मग व्हरांड्यात कान देऊन उभा राहिलो. पोरांनी त्या रेघा बघितल्या मात्र —

"बाई, या काकूंना जाळीत कोंडलंय!"

"कुणी रे?"

"ड्रायव्हरने!"

"हट्! त्यांच्या सासूने!"

"माझ्या मामाची पक्कड आणू का?"

अर्धा तास नुसता गलका. लेक फुलून बाहेर आली. मागोमाग हेडसर. आत पोट धरून हसत होते, बाहेर येताच चेहरा सरकारी! "छान हो. पण त्या रेघोट्या तेवढ्या काढा. फोटो उचललेला आहे हे मॅडमना कळेल."

लेक म्हणाली, रीतसर विकत घेऊ. विकत? मी जिवंत असताना?

बुधवार, ६ फेब्रुवारी

काढली जाळी! तीन तास लागले. मी टकल्यांना केस दिलेत, डोळे मिटलेल्या नवरदेवांना जागं केलंय. दुसऱ्याच्या स्टुडिओत केर काढता काढता शिकलो, कुठल्या कॉलेजात नाही. मॅडमचं सोडा, खुद्द त्या कंपनीचा मालक आला तरी हात जोडेल.

ही म्हणाली, "पुरे आता. पाठ थोपटून थोपटून हात दुखेल."

गुरुवार, ७ फेब्रुवारी

लेक जेवली नाही. आरशासमोर धडा म्हणते आहे. आरशाला पाठ झाला.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

फोटो टांगणारा माणूस म्हणून शेवटच्या बाकावर जागा मिळाली. गुडघे हनुवटीला.

लेकीने विचारलं, "सांगा, काय झालं असेल?"

वर्ग गप्प.

"काल-परवा तर किती बोलत होतात!"

एक जाडजूड गृहस्थ, वय वर्षं आठ, उठले. "बाई, आता जाळी नाहीये. सुटल्या काकू."

"मग?"

"मग काय! घरी गेल्या." बसले.

मॅडमचं पेन चालायला लागलं. लेकीच्या हातातला खडू मोडला. माझ्या तीन तासांनी पोरीची नोकरी खाल्ली, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची दातपडकी उठली. फोटोपाशी गेली, अगदी नाक लावून उभी राहिली. वळून म्हणाली, "सुटल्या. पण एक बोट आतच राहिलं."

मग जो धुमाकूळ! बोट कुणी ठेवून घेतलं, परत आणायला कोण जाणार, काकू आता वेणी कशी घालणार! ड्रायव्हरला पोरांनी दोनदा फाशी दिली. मॅडमनी पेनाला टोपण घातलं आणि स्वतःच विचारलं, "ते बोट एकटं काय करतंय आत?" घंटा झाली ती कुणी ऐकली नाही.

जाताना लेकीला म्हणाल्या, "कायम करा असं लिहिते."

घरी सगळ्यांना सांगत सुटलोय — काय ती पोरगी, काय तिची कल्पनाशक्ती! अन् माझं काम इतकं साफ, म्हणूनच तिला नवं काही सुचलं!

शनिवार, ९ फेब्रुवारी

दुकान उघडलं. शाळेतून परत आणलेला फोटो भिंगाखाली घेतला. काकूंच्या पंजाला बोटं चार.