पहिल्या भेटीचं बिल

बाबा, एखाद्या बाईबरोबर पहिल्यांदा हॉटेलात जाताना किती पैसे खर्च करावेत, हा प्रश्न मला या वयात पुन्हा पडला आणि विचारायला तुम्हीच आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पण या बाबतीत मी दुसऱ्या कुणाचा सल्ला कधी घेतलाच नाही, आणि तुमचा घेतला तो अजून अंगावरून उतरलेला नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तुमचं काम तपासणीचं. तयार झालेल्या प्रत्येक खेपेतून काही नग उचलायचे, रेंजवर नेऊन उडवायचे, ते नीट उडाले तरच बाकीचा माल बाहेर सोडायचा. घरातही तुमची तीच पद्धत. नवा कुकर आणला की आधी नुसत्या पाण्यावर शिट्ट्या. पाहुण्यांसाठी शिरा करायचा तर आदल्या दिवशी वाटीभर करून बघायचा. आई म्हणायची, यांनी लग्नही आधी एकदा करून बघितलं असेल, मला सांगत नाहीत. त्यामुळे मला नोकरी लागल्यावर मी ऑफिसातल्या एका मुलीला रविवारी चहाला विचारलं आणि खर्च किती येईल असं तुमच्याजवळ सहज बोलून गेलो, तेव्हा तुम्ही जे केलंत त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही म्हणालात, "अंदाज कशाला? बघून येऊ."

शनिवारी संध्याकाळी आपण डेक्कनवरच्या त्या हॉटेलात गेलो. मी भिंतीकडे बसलो आणि तुम्ही समोर, तिच्या खुर्चीत. तुम्ही मेनू कार्ड इतका वेळ वाचत होतात की वेटरने विचारलं, पाठ करायचंय की काही मागवायचंय. मग तुम्ही तिच्या वतीने इडली मागवलीत. मुली इडलीच घेतात, म्हणालात, तोंड फार उघडावं लागत नाही. रुमालाने चमचा पुसलात. एक इडली खाल्लीत आणि दुसरी सारून ठेवलीत, कारण पहिल्या दिवशी भूक नसल्याचं दाखवावं लागतं. चहा संपल्यावर कप बशीवर उलटा घातलात. कारखान्याच्या कँटीनमधली ती सवय, वाढप्याने पुन्हा ओतू नये म्हणून. "एकच चहा," तुम्ही म्हणालात. "दुसरा मागवला की हिशेब संपत नाही." बिल आलं ते तुम्ही मला वाचून दाखवलंत आणि तेवढेच पैसे माझ्या हातात ठेवलेत.

रविवारी ती येते आणि त्याच खुर्चीत बसते. कार्ड न उघडताच इडली मागवते. पर्समधून रुमाल काढून चमचा पुसते. मला हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही, कारण ती एक इडली खाते आणि दुसरी सारून ठेवते, अगदी तुमच्यासारखी, बोटाच्या टोकाने. ती तिच्या भावाबद्दल काहीतरी सांगते आहे आणि मी फक्त तिच्या कपाकडे बघतो आहे. चहा संपतो. ती कप बशीवर उलटा ठेवते. बिल तेवढंच येतं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, किती उरले. मी म्हटलं, काही नाही, बरोबर झाले. तुम्ही खूश झालात. पुढच्या आठवड्यात तिचा घरी फोन आला तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं आणि तुम्ही तिला सांगितलंत की तो घरात नाही. का, ते तुम्ही विचारलं नाहीत. समोर बसलेली ती होती की तुम्ही, हे मला ठरवता येत नव्हतं. त्यानंतर मी कुणालाच विचारलं नाही.

आता ज्यांना विचारलं त्या नारायण पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवतात. नवरा वारला त्यालाही बराच काळ लोटला. एका मित्राकडे ओळख झाली. त्या मला आवडतात, बाबा, आणि हीही भेट तशीच फुकट गेली तर मी पुन्हा प्रयत्न करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून यावेळी आदल्या दिवशी बघून यायचं टाळलं. तुम्ही गेल्यानंतर उघडलेलं हॉटेल मुद्दाम निवडलं, म्हणजे तिथे तुमची खुर्ची असायची नाही. पैसे भरपूर घेतले.

त्यांनी मिसळ मागवली. मला इतकं हायसं वाटलं की आपण काय करतोय याकडे माझं लक्षच राहिलं नाही. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. त्या माझ्या बशीकडे बघत होत्या. एक इडली बाजूला सारलेली होती, रुमालावर चमचा होता आणि कप उलटा.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या आदल्या दिवशी त्याच हॉटेलात एकट्या येऊन गेल्या होत्या, भाव बघायला. बिल मी त्यांना देऊ दिलं तर आणि नाही दिलं तर, दोन्हीची तयारी असावी म्हणून. गर्दी होती, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुणी बसलंय का असं विचारून समोर बसले. इडली घेतली, एक ठेवली. चहा पिऊन कप उलटा घातला. काउंटरवर त्यांनी नोटबंदीत बाद झालेली पाचशेची नोट काढली. काउंटरवाला म्हणाला, आजोबा, ही आता फ्रेम करून घ्या. ते नोटेकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, मुलगा देईल. शेवटी या बाईंनीच दोघांचे पैसे दिले.

"जाताना म्हणाले, उद्या दुसरा चहा मागवा, तो नको म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "अहो, उद्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं."

खडकीतून रिटायर झालेले कितीतरी लोक कप उलटा घालत असतील. पण ते दिसायला कसे होते, हे मी विचारलं नाही. सांगितलं असतं तर कळलं असतं. त्या गृहस्थांचे पैसे मी देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. पहिल्या भेटीचा माझा खर्च कालच झाला." मी कप सुलटा केला आणि त्यांनी दुसरा चहा मागवला. तो पिताना शेजारची खुर्ची रिकामीच होती. मी सारखा बघत होतो.

उद्या शनिवारी आम्ही पुन्हा भेटतोय. जागेचं नाव इथे लिहिलं होतं, पण तुम्हाला वाचता येऊ नये इतकं खोडलंय. राग नाही, बाबा. पण आज शुक्रवार आहे. आणि खरं सांगायचं तर दुपारी मी उद्याच्या त्या हॉटेलात डोकावून आलो, खिशात आपल्या दोघांच्या चहापुरत्या चालू नोटा घेऊन.