नाण्यावरची बाई मी नव्हे

मी, सौ. चंद्रावती तुळशीराम केणी, वय ७०, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी एकच व्यक्ती होती, माझ्या सासूबाई कै. हौसाबाई, आणि त्या आता फक्त नाण्यावर उरल्या आहेत. वकील सत्यजीत यांनी मसुदा छापून दिला होता. तो फारच सज्जन वाटला, म्हणून मी माझ्या हाताने पुन्हा लिहिला.

१. आधी नाण्याचा खुलासा करते, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. गेल्या वर्षी आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. थोरला मुलगा परेश याने पाहुण्यांना वाटायला चांदीची नाणी पाडून घेतली. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला आम्ही नवराबायको. नमुन्याला फोटो दिला लग्नातला. त्यात मी मान खाली घातलेली, तोंडावर मुंडावळ्या. कारागिराला माझा चेहरा दिसेना, म्हणून त्याने शेजारच्या बाईचा उचलला. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. तेच बसकं नाक, तीच दुहेरी हनुवटी, आणि सुनेच्या कालवणात मीठ कमी पडल्याचा तोच भाव.

भरल्या मांडवात माझे पती नाणं हातात धरून म्हणाले, "एकदम चंद्राच हाय!"

मी म्हटलं, "अहो, ही तुमची आई."

"नाय. तूच हाय."

तेव्हापासून कितीदा विचारलं तरी हेच उत्तर. ज्याच्या ताटात पन्नास वर्षे मासळी वाढली त्याला माझं तोंड ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. दिवाळीत साऱ्या गावाने ते नाणं लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवलं. लक्ष्मी वर, म्हणजे सासूबाई पालथ्या. तेवढंच समाधान.

२. सुकापूरचं दुमजली घर माझ्या आपटा गावच्या माहेरच्या जमिनीच्या पैशातून बांधलेलं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरचा मजला परेश व धनेश या मुलांना समान. तळमजला पतींना, पण एका अटीवर: नाण्यावरची बाई आपल्या मातोश्री आहेत, असं त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं. न दिल्यास तळमजला मुलगी मनिषा हिचा. तिने बापाला हयातभर तिथेच ठेवावं, आणि बापाने तिच्या हातचं पथ्याचं जेवण मुकाट्याने जेवावं.

३. ठुशी मनिषाला. बांगड्या आणि मासे कापायची विळी धाकटी सून रंजिता हिला. माझ्या पाठीमागे ती माझी नक्कल करते हे मला माहीत आहे. चांगली करते.

४. सासऱ्यांचं मिठागरातलं फावडं परेशला. पाहुण्यांना तो मिठागरातल्या कष्टांच्या गोष्टी सांगतो. फावडं कुठून धरतात ते निदान आता पाहून घ्यावं.

५. शेजारच्या सोसायटीतले निवृत्त कमलाकर सर नाणी जमवतात, त्यातही चेहरे बिघडलेली. त्यांनी मला पंचम जॉर्जचा १९११चा रुपया दाखवला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, म्हणून सरकारला तो मागे घेऊन हत्ती नीट करावा लागला. राजाच्या हत्तीचं ऐकणारं कोणी होतं. सरांना आमचं एक नाणं हवं होतं, ते आजच हातात दिलं. कारण सर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात.

६. घरोघर जाऊन मी जी नाणी परत मागून आणली, ती आटवून नातसुनांची जोडवी करावीत. हौसाबाई एकदा तरी सुनेच्या पायाशी येतील.

७. माझ्या श्रद्धांजलीच्या फलकावर नाण्यावरचं चित्र छापायचं परेशने ठरवलं आहे, असं कानावर आलं. छापू नये. मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहताना धनेशने माझा फोटो काढला होता. केस उडालेले, डाव्या भुवईवरचा वण दिसतो. तो लावावा.

पुरवणी. वरचं सगळं वकिलांनी आज सर्वांसमोर वाचून दाखवलं. दुसऱ्या कलमाशी पती उठले आणि म्हणाले, "मना साक्षीदार करा."

वकिलांनी समजावलं, "काका, साक्षीदार झालात तर तळमजला तुम्हाला मिळणार नाही."

"ठाव हाय. घरासाठी लिवला, आसा ही वर जाऊन पन टोमना मारंल. म्हनून घर नको. मना नुसती सय करायची हाय."

परेश त्यांचा दंड धरून खाली बसवू लागला. त्यांनी हात झटकला आणि पेन मागितलं. पेन मीच पुढे केलं, हे इथे मुद्दाम नोंदवते. सबब, ते साक्षीदार होत असल्याने तळमजला मनिषाचा. पथ्याची अट मात्र मी काढून टाकत आहे. त्यांना हवी तेव्हा मासळी मिळावी, कालवणात मीठ त्यांच्या चवीप्रमाणे घालावं.

ठिकाण: पनवेल. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

(सही) चंद्रावती तुळशीराम केणी

साक्षीदार:

१. कमलाकर वैद्य, नवीन पनवेल. चंद्रावतीबाईंनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

२. तुळशीराम हौसाबाई केणी, सुकापूर. वर सही करणाऱ्या बाईला मी ओळखतो. डाव्या भुवईवर वण आहे, लग्नाआधीचा. नाण्यावर आहे ती माझी आई. मांडवात पहिल्या नजरेलाच ओळखली होती. आई गेल्यावर तिला पहिल्यांदाच बघितली. चूक कबूल केली असती तर नाणं परत द्यावं लागलं असतं, ते जिवावर आलं.